अर्धी ओळ

पहिला घाव पडला तेव्हा दिरानला वाटलं, कुणीतरी ढोल वाजवतंय. घाव तालात होता. दुसराही तालात पडला, तिसराही, आणि मग जिथं एक जागा मोकळी सोडायची असते तिथं ती नेमकी मोकळी सोडून चौथा पडला, तेव्हा त्याचं बोट सवयीनं मांडीवर आपटलं आणि हा बीट आपलाच आहे हे त्याच्या ध्यानात आलं. मोबाइलची कार्डं विकणाऱ्या दुकानाबाहेर पुरुषभर उंचीचा स्पीकर उभा केला होता आणि त्यातून त्याचं गाणं इतक्या जोरात चाललं होतं की टॅक्सीची काच थरथरत होती. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, आपलं गाणं भर रस्त्यात ऐकू आलं की अजूनही त्याला बरं वाटायचं. त्यानं काच खाली केली, मान बाहेर काढली आणि मग त्याला दिसलं की घाव स्पीकरमधले नव्हतेच. स्पीकरच्या पलीकडे, केळी भाजणाऱ्या एका म्हातारीच्या शेगडीशेजारी, पाच-सहा जण एका माणसाला बडवत होते. एकाच उखळात यामचे कंद कुटणाऱ्या बायका जशा एकमेकींचा ताल सांभाळतात, तसा ते ताल सांभाळत होते. बघ्यांची गर्दी रस्त्यावर सांडली होती, त्यामुळे इबादान शहरातल्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्या अडकल्या होत्या आणि टॅक्सीला ना पुढं जाता येत होतं ना मागं.

"पोरं पळवणारा आहे म्हणे," ड्रायव्हर म्हणाला. त्याचं नाव राशीदी. ते त्यानं डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलं होतं, जोडीला कुराणातली एक आयत आणि एका फुटबॉलवाल्याचा फोटो. "कोपऱ्यावरच्या शाळेपाशी उभा होता. पत्ता विचारत होता. हातात मोठी पिशवी. आता पिशवी कशाला लागते, सांगा तुम्ही?"

"म्हणे म्हणजे? कुणी पाहिलं का?"

"ओगा, अहो साहेब, लोक काय उगाच मारतात? एवढं ऊन आहे." राशीदीनं बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरला. "आणि गाणं तर ऐका! असल्या कामाला एकदम फिट. ढोल काय म्हणतोय बघा: सोडू नका, सोडू नका, हाडं मोडा त्याची!"

"गाण्यात असं कुणीही म्हणत नाही," दिरान म्हणाला.

"तोंडानं नाही हो म्हणत. ढोल म्हणतोय ना! तुम्ही आमच्या योरुबा लोकांतलेच ना? मग कान कुठं गहाण टाकलेत?"

दिराननं मांडीवरच्या गाठोड्यावर दोन्ही हात ठेवले. निळ्या आदिरे कापडात बांधलेला बापाचा ढोल होता तो; काखेत धरायचा, मधे बारीक, डमरूचा थोरला भाऊ म्हणावा असा. त्याचं पूर्ण नाव आयानदिरान. ढोलवाल्यांच्या घराण्यात जन्मलेल्याच्या नावाला आधी आयान लागतं, मग माणूस. म्हणजे बारशालाच तुमच्या गळ्यात ढोल पडतो, काढून फेकायचा म्हटला तरी नावातून निघत नाही. त्यानं आयान कापून टाकलं होतं. पोस्टरवर, पाट्यांवर, रेडिओवर तो नुसता दिरान होता, कामोरूच्या रॅपला बीट देणारा दिरान. आणि आत्ता हा टॅक्सीवाला त्याला त्याच्याच बीटचा अर्थ सांगत होता. संतापायला हवं होतं. पण त्याला भीती वाटली. कारण राशीदीचे कान चांगले होते. ढोल खरोखरच तसं म्हणत होता.

ढोलाला शब्द नसतात, चढ-उतार असतो. वाद्या काखेनं आवळल्या की सूर वर जातो, सैल सोडल्या की खाली येतो, आणि योरुबा बोलीतल्या शब्दांची जी वर-मध्ये-खाली अशी चाल असते तीच काठी पुडीवर काढते. पण एकाच चालीत दहा वाक्यं बसतात. ज्याच्या पोटात जे असेल ते त्याला ऐकू येतं. उपाशी माणसाला जेवणाचं आमंत्रण ऐकू येतं, तर कर्जबाजारी माणसाला शिवी. म्हणून जुनी माणसं आखूड वाक्य कधी वाजवत नसत. आईला नुसतं आई म्हणायचं नाही. जिनं कडेवर घेतलं, जिची पाठ अजून ओली आहे ती आई, असं लांबण लावायचं. शेपटी लांब असली की जनावर कुठलं ते कळतं, असं बाबा म्हणायचे. आणि म्हणता म्हणता मारायचे.

बाबांचं मारणं हेच बाबांचं शिकवणं होतं. आयानग्बेमी हे नाव सगळ्या ओजे भागात आदरानं घेतलं जायचं, पण घरात त्या नावाला घाम फुटायचा. वाजवायची ती वाकडी काठी, तिची चोच पुडीवर पडायच्या आधी दिरानच्या पाठीवर पडायची. अंगणात ओणवा उभा करायचे, पाठीवर एक वाक्य वाजवायचे आणि विचारायचे, काय म्हणालो? चुकलं की पुन्हा तेच वाक्य, तिथंच, जरा जोरात. आधी पाठीला कळू दे, हाताला आपोआप कळेल. आई रात्री वळांवर ओरीच्या बियांचं लोणी चोळायची आणि पुटपुटायची, माझ्या पोराचं कातडं ताणून काय ढोल करायचाय का तुम्हाला? बाबा हसायचे. त्यांना वाटायचं आई गंमत करतेय. दिरानला वाक्यं यायला लागली ती खरोखर पाठीकडून. आजही कुणी ढोल वाजवला की त्याच्या मणक्याच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या पात्याखाली, आधी ऐकू यायचं आणि मग कानात. आणि त्या सगळ्या वाक्यांत एक वाक्य असं होतं की ते नेहमी शेवटी यायचं, धडा संपताना. घराण्याचं वाक्य.

ते आजोबांनी केलेलं होतं. इबादानमध्ये राजकारणावरून माणसं माणसांवर पेट्रोल ओतत होती त्या वर्षांत. एका चौकात जमावानं कुणाला तरी धरलं होतं, भिजवलं होतं, पेटलेली काडी टाकायची बाकी होती. आजोबा लग्नाहून परत येत होते, काखेत ढोल. त्यांनी जमाव जे ओरडत होता तेच आधी वाजवलं, शब्दाला शब्द: सोडू नका, सोडू नका, हाडं मोडा त्याची. लोकांना वाटलं, आला, आपलाच आला. आणि मग न थांबता, श्वास न घेता, त्याला पुढची शेपटी जोडली: असं म्हणणाऱ्यांनो, आधी विचारा, हे लेकरू कुणाचं? आता ढोलानं लेकरू कुणाचं असं विचारलं आणि कुणीच बोललं नाही, असं आमच्यात होत नाही. लग्नात विचारतात, बारशात विचारतात, मयतातसुद्धा विचारतात. विचारलं की कुणीतरी उठून आमचं म्हणावं लागतं, नाहीतर सगळ्या गल्लीची नाचक्की. त्या चौकात एक बाई पुढं झाली आणि म्हणाली, माझं. काडी विझली. ही गोष्ट बाबा प्रत्येक सणाला सांगायचे आणि दिरान प्रत्येक सणाला आढ्याकडे बघायचा. त्याला आजोबांच्या काडीशी काही घेणं नव्हतं. त्याच्या पाठीवर रोज जी पेटायची ती कुणाच्या वाक्यानं विझत नव्हती.

रस्त्यावरचा माणूस गुडघ्यांवर उठायचा प्रयत्न करत होता. आता नीट दिसला. पिकलेली दाढी, एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी आणि धुळीनं पांढरा. त्याची पिशवी फाडून झाली होती. त्यातून एक टॉवेल, दोन पपया आणि औषधाची बाटली बाहेर पडली होती. पपई कुणाच्या तरी पायाखाली फुटली. लाल टोपी घातलेला एक दणकट गडी हातात छत्रीचा दांडा घेऊन पुढारीपण करत होता आणि दिरानच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते असं, की याचा ताल पक्का आहे. मोकळ्या जागेवर हात वर ठेवून थांबतो आणि नेमका ठेक्यावर आणतो. असा वाजवणारा मिळाला असता तर. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली, पण आलेलं आलंच. दांडा त्या माणसाच्या कानशिलावर बसला. कान फाटल्यासारखा झाला आणि रक्त मानेवरून शर्टाच्या कॉलरमध्ये उतरलं. बघ्यांतून कुणीतरी शीळ घातली.

बाबांची काठी त्यानं मोडली ती पावसाळ्याच्या तोंडाला. पुरता वाढलेला होता तो, मिशी होती, आणि बाबांनी सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला ओणवं व्हायला सांगितलं. तो वाकला नाही. काठी आली ती त्यानं हवेत धरली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि दोन्ही तुकडे बाबांच्या पायांशी टाकले. बाबा काय म्हणाले? हसले. म्हणाले, हातात जोर आहे, ताल नाही. त्या हसण्यानं तो घरातून गेला, मारानं नव्हे. कामोरूच्या खोलीवर राहिला. कामोरू तेव्हा टायरच्या दुकानात कामाला होता आणि रात्रंदिवस तोंडानं बडबडत असायचा, यमकं जुळवत, शिव्यांना शिव्या बांधत. खोलीत एक जुना संगणक, बाहेर जनरेटर आणि डिझेलचा वास. पहिल्यांदा जेव्हा कळ दाबली आणि ढोल स्वतःहून वाजला, कुणाच्याही हातानं नाही, कुणाच्याही पाठीवर नाही, तेव्हा दिरानला रडू कोसळलं होतं. मार न खाता ताल! तो रात्रभर कळ दाबत बसला. कामोरू म्हणाला, अरे येड्या, वाजतंय ते, रडतोस काय? मार तिथंही होता म्हणा. पहिल्याच कार्यक्रमात विरुद्ध गटाच्या पोरांनी बाटली फेकली, ती कामोरूच्या तोंडावर बसली आणि समोरचा दात गेला. दुसऱ्या दिवशी कामोरूनं त्या दाताच्या फटीतून शीळ मारत नवं गाणं लिहिलं: या, सगळे या, आज तुमच्यातलं कुणी धड परत जाणार नाही. रॅपमध्ये मारतात तो तोंडी मार असतो, असं ते दोघं मुलाखतींत सांगायचे. तोंडी मारानं कुणी मरत नाही, असंही.

त्या गाण्याला ढोल हवा होता आणि यंत्रातला ढोल पांचट वाटत होता. म्हणून दिरान कितीतरी वर्षांनी घरी गेला, बाबांसमोर माइक ठेवला आणि म्हणाला, घराण्याचं वाक्य वाजवा. बाबांनी का, कशाला, काही विचारलं नाही. वाजवलं. डोळे मिटून, पूर्ण, शेपटीसकट. शेवटी त्यांचा दमलेला श्वाससुद्धा त्यात आला. खोलीवर येऊन पाहतो तर वाक्य गाण्यात बसेना. चार मात्रांचे चार डबे भरून शेपटी बाहेर लोंबत होती. लूप म्हणजे काय, तर साप आपली शेपटी तोंडात धरून गोल फिरतो तसं. इथं शेपटीच अडचण झाली होती. कामोरू खुर्चीवर उलटा बसून म्हणाला, "काप ना. पहिला अर्धा कसला जबरदस्त आहे! माणूस उठून मारामारीच करेल. मागचं रडगाणं कशाला?" दिराननं वाक्याचा अर्थ सांगितला नाही. त्याला स्वतःला तरी तेव्हा अर्थ ऐकू येत होता का? पाठीला ऐकू येत होता. त्यानं माउसनं पडद्यावर रेघ ओढली आणि कळ दाबली. शेपटी गेली, साप फिरायला लागला आणि दोन महिन्यांत सगळ्या शहरात फिरत होता.

बाबांनी गाणं शेजाऱ्याच्या फोनवर ऐकलं. "वाक्य अर्ध्यावर मारलंस," एवढंच म्हणाले.

"बाबा, गाण्यात असंच असतं. ते गोल फिरत राहतं."

"गोल फिरतं ते गिधाड."

त्यावर तो मोठ्यानं हसला होता. म्हातारा तोंडाचा तिखट, दुसरं काय. आणि आज सकाळी तो त्याच म्हाताऱ्याकडे ढोल मागायला गेला होता, कारण संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या आयोजकाला रंगमंचावर खराखुरा ढोल हवा होता, फोटोत चांगला दिसतो म्हणून. बाबांचा डावा हात आता लुळा होता, काखेत जोर नव्हता. वाद्या आवळणार कशानं? त्यांनी ढोल आदिरेत गुंडाळला, नवी काठी त्यात खोचली आणि त्याच्या मांडीवर ठेवताना म्हणाले, "वाजवायचा तर पूर्ण वाजव. अर्धा वाजवायला तुझं यंत्र आहेच." दिराननं मान हलवली. म्हाताऱ्या माणसांपुढं मान हलवायला काय जातं?

"टायर आला. आता गळ्यात घालून पेटवतील," राशीदी म्हणाला.

खरंच आला होता. कुणीतरी गर्दीतून वाट काढत, पायानं ढकलत, गाडीचा टक्कल पडलेला टायर आणत होता, आणि बघे हसत त्याला वाट देत होते. मागून एकजण पेट्रोलचा पिवळा कॅन घेऊन येत होता. स्पीकरमधून ढोल फिरत होता, सोडू नका, सोडू नका, हाडं मोडा त्याची, आणि पुन्हा सोडू नका. कुठं थांबायला जागाच नव्हती, कारण जागा त्यानं स्वतः कापून टाकली होती. हे मी केलं, असं त्याला वाटलं. लगेच वाटलं, छे, गाणं नसतं तरी यांनी मारलंच असतं. टायर काही गाण्यातून आला नाही. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. त्याच्या खांद्याच्या पात्याखाली जुन्या जागी ठणका सुरू झाला. त्यानं कापडाची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, ती दातानं ओढावी लागली.

"ओगा, कुठं?" राशीदीनं त्याची बाही धरली. "येड लागलं काय? मध्ये पडलात तर तुम्हालाही त्याच टायरात बसवतील. दोघं मावतात त्यात."

"सोड."

"अहो, ते ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत!"

"ढोलाचं ऐकतील," दिरान म्हणाला आणि दार ढकलून उतरला.

डांबर चपलेतून भाजत होतं. ढोलाचा पट्टा खांद्यावर घेतला, काखेत धरला, आणि पहिल्याच थापेला कळलं की हात विसरलेला आहे. पण काख विसरली नव्हती. वाद्या बरगडीत रुतल्या आणि सूर वर चढला. खरा ढोल ऐकून दुकानदारानं अदबीनं स्पीकर बंद केला. जिता ढोल आला की यंत्रानं गप्प बसायचं एवढी रीत अजून त्या रस्त्यावर होती. माना वळल्या. लाल टोपीवाल्यानं दांडा खाली घेतला, हसला. कुणीतरी ओरडलं, "अरे दिरान! दिरान आहे तो! गाण्यातला!" आणि गर्दी आनंदानं फुटली, भाऊबंद भेटल्यासारखी.

आता शेपटी वाजवायची होती. पण नुसती शेपटी वाजवून कुणाला काय कळणार होतं? असं म्हणणाऱ्यांनो; कसं म्हणणाऱ्यांनो? वाक्य कळायला पहिला अर्धा लागतो. आजोबांनी तसंच केलं होतं, आधी जमावाचं बोलणं जमावाला देऊन. शेपटीपर्यंत जायला दुसरी वाटच नव्हती, त्या अर्ध्यातूनच जावं लागणार होतं. त्या माणसानं मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. एक डोळा मिटला होता, दुसरा उघडा होता आणि त्या डोळ्याला ढोल कळत होता. त्या वयाच्या माणसाला कळणारच. दिराननं श्वास घेतला आणि वाजवलं. सोडू नका. लाल टोपीवाल्यानं दांडा टाकला आणि वाकून गटाराच्या कडेचा सिमेंटचा ठोकळा उचलला. सोडू नका. ठोकळा डोक्याच्या वर गेला. दिरानला दिसत होतं. थांबलो तर वाक्य अर्ध्यावरच राहील, पुढं गेलो तर. हात त्याच्या आधी पुढं गेला होता. मोकळी जागा आली, ठोकळा हवेत थांबला, पक्का ताल, आणि हाडं मोडा त्याची या ठेक्यावर तो नेमका खाली आला. आवाज ओला होता. दिरानला तो पाठीत ऐकू आला.

मग त्यानं शेपटी वाजवली. असं म्हणणाऱ्यांनो, आधी विचारा, हे लेकरू कुणाचं? पूर्ण वाजवली, एकही सूर न गाळता, बाबांनी सांगितलं होतं तशी, आणि आयुष्यात इतकं स्वच्छ त्यानं कधी वाजवलं नव्हतं. लाथ मारायला उचललेले पाय लटपटले, कारण गाण्यात इथं पुन्हा सुरुवात यायची आणि ती आली नाही. एकजण लाथ हवेतच ठेवून थांबला, मग त्यानं तो पाय नाचात घातला. मग दुसऱ्यानं. वाकून, कोपरं मागं काढून, धुळीत पाय घासत ते नाचायला लागले, त्या माणसाच्या भोवती, त्याचा हात तुडवत. टायर आणणारासुद्धा टायर आडवा टाकून त्यावर उभा राहून नाचत होता. लाल टोपीवाला घामाघूम होऊन समोर आला. खिशातून नायराची नोट काढली, जिभेला लावली आणि दिरानच्या कपाळावर दाबून चिकटवली, जशी लग्नात वाजवणाऱ्याच्या कपाळावर चिकटवतात तशी. त्याच्या अंगठ्याला रक्त होतं. त्यानं नोट चांगली बसली.

"काय वाजवलंस, भावा!" तो म्हणाला. "आता पुन्हा! पहिल्यापासून!"

पहिल्यापासून. नोट डाव्या डोळ्यावर लोंबत होती आणि दिराननं पहिला अर्धा वाजवला नाही. त्यानं शेपटीच पुन्हा वाजवली. लेकरू कुणाचं? आणि पुन्हा. लेकरू कुणाचं? त्याची काख पेटली होती, मनगटाला कळ लागत होती, बोटांची कातडी सोलवटत होती. बाबांनी पाठीवर वाजवलं तसं, चुकलं की पुन्हा तेच वाक्य, तिथंच, जरा जोरात. हे लेकरू कुणाचं? नाचणारे कंटाळायला लागले. बघ्यांत जी पिकल्या केसांची माणसं होती ती मात्र हलेनाशी झाली. ती एकमेकांकडे पाहायला लागली, मग जमिनीकडे. ढोल विचारतोय आणि कुणी बोलत नाही. सगळ्या रस्त्याची नाचक्की चालली होती. तरी कुणी बोलेना.

"माझं!"

केळी भाजणारी म्हातारी शेगडीपाशी उठून उभी राहिली होती. हातात निखाऱ्यांचा चिमटा, टोक लालभडक. ती तशीच चालत आली, नाचणाऱ्यांतून, आणि ज्याला चिमटा दिसला तो बाजूला झाला. कमरेचं लुगडं सोडून तिनं त्या माणसावर टाकलं. आतल्या परकरावर उभी राहिली, भर रस्त्यात, आणि कुणाची नजर वर करायची हिंमत झाली नाही.

"इया, आई, हा चोर तुझा?" लाल टोपीवाल्यानं विचारलं. "पोरं पळवणारा?"

"ढोलानं विचारलं, मी सांगितलं. आता ये पुढं, कुणाला यायचंय."

"नाव काय मग याचं?"

"ठाऊक नाही."

"ऐका! हिचं लेकरू, आणि हिला नाव ठाऊक नाही!"

"तुला मारताना लागलं होतं नाव?" म्हातारी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "चल, जा घरी. तुझ्या आईला जाऊन विचार, तुझं नाव तिच्या लक्षात आहे का अजून."

कुणीतरी हसलं, लाल टोपीवाल्याला हसलं, आणि त्या हसण्यानं ते संपलं. पिवळा कॅन गर्दीत दिसेनासा झाला. टायर पडून राहिला. ज्यांनी मारलं होतं ते हात पुसत, एकमेकांच्या पाठीवर थापा देत, जणू दुसऱ्याच कुठल्या कामाला निघाल्यासारखे पांगले. दिरान अजून वाजवत होता. म्हातारी खाली बसली, लुगड्याखाली हात घातला, बराच वेळ तिथंच ठेवला, मग त्या माणसाच्या छातीला कान लावला. ढोलामुळे तिला ऐकू येत नव्हतं. तिनं हात वर करून खूण केली तेव्हा तो थांबला. पुडीवर काठी टेकवून उभा राहिला. म्हातारीनं कान काढला, लुगड्याचा पदर वर ओढला आणि त्या माणसाच्या तोंडावरून घेतला.

"नीट विचारलंस रे," ती म्हणाली. "उशिरा विचारलंस."

त्याला सांगायचं होतं की मधे पहिला अर्धा होता, त्यातून जावंच लागतं, आजोबाही तसेच गेले होते. पण ते सांगण्यासारखं नव्हतं. ठोकळा कुठल्या ठेक्यावर पडला हे त्या सगळ्या गर्दीत फक्त त्याला ठाऊक होतं, आणि त्या उघड्या डोळ्याला ठाऊक होतं, जो आता पदराखाली होता. त्यानं कपाळावरची नोट काढायला हात नेला. ती सुकून चिकटली होती. अर्धी फाटून हातात आली, अर्धी तिथंच राहिली. मागं राशीदी हॉर्न वाजवून हाका मारत होता, "ओगा, चला! रस्ता सुटला!" गाड्या हलायला लागल्या होत्या. जिता ढोल थांबलेला पाहून दुकानदारानं स्पीकर पुन्हा सुरू केला, आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच फिरायला लागलं, सोडू नका, सोडू नका. दिरान म्हातारीच्या शेजारी उभा होता. डांबरावर चपलेचा चट्‌चट् असा आवाज येत होता. मोकळी जागा आली की थांबत होता, मग पुन्हा येत होता. इथं अजून कोण ताल देतंय म्हणून त्यानं रागानं खाली पाहिलं, तर तो त्याचाच पाय होता.